विमा की सरकारी दवाखाना?

फवारणीच्या दिवसांत शेतात साप चावला, तर पॉलिसी खिशातच राहते. १०८ ला फोन लावा, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविषाची सुरुवात साधारण १० कुप्यांनी होते, तीही मोफत. मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. योजनेतलं रुग्णालय आणि यादीतला उपचार, दोन्ही जुळले तरच मंजुरी.

नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, उपचार चांगले, पण तारीख लांबते. सोबतच्याची मजुरीही बुडते. खासगी विमा इथे कामाचा, मात्र कॅशलेस रुग्णालयं, जिथे बिल थेट विमा कंपनी भरते, बहुतेक शहरातच. पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा नाही. जुन्या बीपी-शुगरला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. खरी मेख खोलीभाड्यात. पॉलिसीत भाड्याची मर्यादा रोज ५,००० आणि खोली १०,००० ची घेतली, तर डॉक्टर-ऑपरेशनचाही अर्धा खर्च आपल्यावर येऊ शकतो.

कोरडवाहू घरानं आधी योजनेचं कार्ड काढावं. हप्ता दरवर्षी झेपत असेल तरच विमा. एक वर्ष चुकला की प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून.