पांको: कोळंबीला उत्तम, सुरमईला रवाच बरा

ऑनलाइन सहज मिळणारा पांको, म्हणजे तळणीला लावायचा जपानी पावाचा चुरा, कोकणातल्या घरी घ्यावा का? कोळंबीसाठी जरूर घ्या. सुरमईच्या तुकडीला मात्र रव्याचं कवचच शोभतं, शिवाय ती तव्यावर थोड्या तेलात होते. पांकोला कढईभर तेल लागतं.

नावाची गोष्ट अशी. पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. त्यांच्या भाषेतल्या पावाच्या शब्दाचं जपानीत 'पान' झालं आणि त्याला चुरा किंवा पीठ या अर्थाचं 'को' जोडलं. वसई-चौलला ठाण मांडलेल्या याच लोकांकडून आपल्याला 'पाव' मिळाला, म्हणजे पाकिटावरचं नाव आपल्या पावाचं सख्खं भावंडच.

खरा पांको सालीशिवायच्या पावाचा असतो. कणकेतून वीज सोडून तो पाव भाजतात, म्हणून वरची तांबूस साल धरतच नाही. मग त्याचे लांबट, टोकदार कण काढून वाळवतात. कणांमध्ये हवा राहते, त्यामुळे तळण हलकं, खुसखुशीत होतं. पाकिटाच्या तळाशी पीठच जास्त दिसलं तर तो माल घेऊ नका.

अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला मीठ, हळद, तिखट आणि दोन चमचे कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी टाकून कोळंबी फडक्याने टिपा. ही पायरी गाळली की आवरण कढईत सुटतं. आधी तांदळाचं पीठ, मग फेटलेलं अंडं, शेवटी पांको हलक्या हाताने दाबून लावा. दहा मिनिटं तशीच राहू द्या. मसाला पांकोत मिसळू नका, तिखट तेलात करपतं. तेल १७०-१७५ अंशांवर हवं: टाकलेला कण लगेच फसफसत वर यावा, पण काळा पडू नये. थंड तेलात पांको रव्यापेक्षा जास्त तेल पितो. दोन-तीन मिनिटांत कोळंबी तयार.

बोंबलाला जपून. वजनाखाली दाबून पाणी पुरतं काढलं नाही, तर आतल्या वाफेने आवरण मऊ पडतं.

पावसाळ्यात उघडं पाकीट दोन दिवसांत सादळतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. सादळलाच तर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, रंग बदलायच्या आत उतरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरा.