आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातले दोन नेते: मायकेल कॉलिन्स की एमन डी व्हॅलेरा?
दोघंही ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात लढले, दोघंही वाचले. पण १९२१च्या शेवटी लंडनला ब्रिटिशांशी कराराची बोलणी करायला डी व्हॅलेरा स्वतः गेलाच नाही, कॉलिन्स वगैरेंना पाठवलं, आणि करार झाल्यावर ब्रिटिश राजाच्या निष्ठेची शपथ नको म्हणून विरोधात गेला, हे मला तरी पटत नाही. डॉइलमध्ये (आयरिश संसदेत) करार ६४ विरुद्ध ५७ नी पास झाला, मग यादवी, आणि ऑगस्ट १९२२ला कॉर्कमध्ये कॉलिन्स गोळी लागून गेला, वय फक्त ३१! डी व्हॅलेराने १९२७ला संसदेत बसण्यासाठी तीच शपथ नुसती फॉर्मॅलिटी म्हणत शपथेच्या वहीत सही केली. अर्थात १९३७ची राज्यघटना त्याचीच, ते क्रेडिट द्यायलाच हवं. तरी माझं मत कॉलिन्सला.