आधी वाढ की वाढीसोबत स्वच्छता? कोराडीच्या निमित्ताने दोन धोरणांची तुलना

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा पट्ट्यात कोळशावर वीज बनवणारे नवे औष्णिक संच यावेत की नाहीत, याविषयी मत ठरवू पाहणाऱ्या नागपूरकरापुढे दोन धोरणे असतात. आधी उत्पन्न वाढू द्यावे आणि पर्यावरण पुढे सुधारावे, हे एक. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर स्वच्छतेचा खर्च त्याच वेळी करावा, हे दुसरे.

पहिल्या धोरणाला अभ्यासाचा आधार आहे. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रुगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा हवा व नद्यांच्या प्रदूषणाची बरीच मापे उत्पन्नासोबत आधी बिघडतात आणि नंतर सुधारतात, असे आढळले. बहुतेक प्रदूषकांबाबत हे वळण दरडोई ८,००० डॉलरच्या (१९८५ च्या किमतींनुसार) आत येत होते. यालाच पर्यावरणीय कुझनेट्स वक्र म्हणतात. गरिबीत चुलीचा धूर आणि दूषित पाणी यांपासून सुटका नसते, म्हणून वाढच नाकारणे मला मान्य नाही.

मात्र ही सुधारणा आपोआप होत नाही, असे याच दोघांनी बजावले होते. १९५२ च्या विषारी धुक्यात हजारो माणसे दगावली तेव्हा लंडन काही गरीब शहर नव्हते. हवा सुधारू लागली ती १९५६ चा कायदा आणि त्यामागचा लोकांचा रेटा यांमुळे. आपल्याकडे औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, तिची मुदत वारंवार वाढली आणि २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. ‘पुढे पाहू’ म्हटले की ते पुढेच जात राहते.

शिवाय सगळे प्रदूषण एका जातीचे नसते. सल्फर डायऑक्साइड यंत्रणा बसवून कमी करता येतो. कोळशाची राख साठवणाऱ्या बंधाऱ्यांतून भूजलात उतरणारे जड धातू मात्र चिमणी थंड झाल्यावरही तिथेच राहतात, आणि कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत त्या वक्राचा उतार भरवशाने दिसत नाही.

दुसऱ्या धोरणाची खरी अडचण आरंभीच्या खर्चाची आहे, कारण तो शेवटी विजेच्या दरात उतरतो. तरीही त्याचा चांगला नमुना नागपुरातच आहे: भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी औष्णिक केंद्रांना दिले जाते, त्यामुळे पेंच धरणाचे तेवढे पाणी पिण्यासाठी उरते आणि केंद्रही चालू राहते.

माझा कौल दुसऱ्या धोरणाला आहे. वीज राज्यभर जाते, पण धूर आणि राख कोराडी, खापरखेड्याच्या वाट्याला येतात. त्यामुळे जनसुनावणीत संमती देण्यापूर्वी गंधक काढणारी यंत्रणा संचासोबतच सुरू होणार का, राख कुठे जाणार आणि विहिरींचे पाणी कोण तपासणार, ही तीन उत्तरे लेखी मागावीत, आणि ती मिळेपर्यंत संमती रोखून धरावी.