मानापमानवरचं पुस्तक वाचताना व्हीट बिअर की स्टाऊट?

मागच्या पावसाळ्यात मी संगीत मानापमानवरचं एक जुनं पुस्तक लागोपाठ दोनदा वाचलं, पहिल्यांदा व्हीट बिअर (गव्हाची, हलकी) घेऊन आणि दुसऱ्यांदा स्टाऊट (काळी, भाजक्या चवीची बिअर) घेऊन, त्यामुळं हा प्रश्न कुणी विचारला की मला बोलायला आवडतं. आयपीए ही कडवट बिअर पण एक संध्याकाळ करून बघितली, पण तिचा कडवटपणा सारखा मधे मधे येतो, वाचनावरनं लक्ष उडतं. माझ्यापुरता तो विषय तिथंच संपला.

व्हीट बिअर चवीला या नाटकाला शोभते हे मान्य. धने आणि संत्र्याच्या सालीचा हलका वास, आणि खाडिलकरांचं नाटकही तसं खेळकर, मानी भामिनी, तिनं अपमान केलेला धैर्यधर, सगळं हलकंफुलकं. पहिली दोन प्रकरणं तर मजेत गेली. पण असलं पुस्तक सलग वाचता येत नाही ना, पदाचा उल्लेख आला की थांबायचं, मोबाईलवर जुनं रेकॉर्डिंग शोधायचं, गोविंदराव टेंब्यांनी चाल कशी बांधलीय ते ऐकायचं (टेंबे आपल्या कोल्हापूरचे, म्हणून मी जरा जास्तच वेळा ऐकतो), परत पानावर यायचं. जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, पण अशी सात-आठ पदं झाली की अर्धा तास गेला, आणि तोवर व्हीट कोमट. कोमट व्हीट मला तरी जात नाही.

तेही चाललं असतं. खरा त्रास पाण्याचा. जुलैत आपल्याकडं हवा कसली दमट असते माहितीये, थंडगार कॅन बाहेर काढला की मिनिटभरात घाम सुटतो, बोटं ओली, आणि त्याच बोटांनी पान उलटायचं. साधं पान वाळतं, पण फोटोंची पानं आर्ट पेपरची, ती ओली झाली की एकमेकांना चिकटतात. सकाळी सोडवायला गेलो तर भामिनीच्या वेशातल्या बालगंधर्वांचा अर्धा चेहरा समोरच्या पानावर निघून गेला. पुस्तक वडिलांचं. त्या दिवशीच व्हीट बंद केली.

स्टाऊटचं उलटं आहे. फ्रीजमधनं काढून अर्धा तास ओट्यावर ठेवायची, जो काय घाम सुटायचाय तो तिथंच सुटतो, बाटली पुसून ग्लासात ओतायची आणि निवांत बसायचं. जसजशी थंडी उतरते तसा कॉफी आणि भाजल्याचा वास वर येतो, म्हणजे पदं ऐकत बसलात तरी तिचं काही बिघडत नाही. सोबत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. भडंग नको, तेलकट बोटं परत पानाला लागतात.

आणि पुस्तक पुढं गंभीर होत जातं. १२ मार्च १९११ चा पहिला प्रयोग, बालगंधर्वांची लहान मुलगी त्याच दिवशी गेली तरी ते रंगमंचावर उभे राहिले. मग ८ जुलै १९२१, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला संयुक्त मानापमान, धैर्यधर आपले केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, अवघे ३१ वर्षांचे. ते प्रकरण मी कोल्हापुरातल्या खासबागेजवळच्या त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाचा विचार करतच वाचलं, ऑगस्ट २०२४ मध्ये केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते जळालं, तेव्हा गावातली किती माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. असं काही वाचताना हातात घाईनं संपवायची बिअर नको वाटते, स्टाऊटचा एक ग्लास तासभर पुरतो.

अर्थात प्रत्येकाची जीभ वेगळी, ज्यांना भाजकी चव जड वाटते त्यांना मी आग्रह करणार नाही. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर बसून वाचणार असाल तर व्हीटच घ्या, फक्त कॅन पुस्तकापासून लांब वेगळ्या स्टुलावर ठेवा, मांडीवर एक सुती पंचा घ्या, आणि फोटोंची पानं आली की आधी हात कोरडे करा.