निकोटिनची चिंगम: कोणाला चालते, कशी चघळायची, कुठे फसते

‘ती चिंगम खाल्ली, काही फरक पडला नाही’ असं म्हणून पुन्हा बिडीकडे वळलेली माणसं सोलापुरात खूप आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी गम चुकीची चघळलेली असते, किंवा दिवसाला दोन-तीनच खाल्लेल्या असतात. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो, पण ती खायची कशी हे कोणी सांगत नाही. म्हणून हे परीक्षण चवीपेक्षा वापराबद्दलच जास्त आहे.

आधी वस्तूबद्दल. निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येते. २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पुदिना, दालचिनी, पान अशा चवी आहेत. साखर नसते. नीट आणि नियमित वापरली तर सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच निकोटिनची गम आणि पॅच (अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी) अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तेव्हा तिला औषध समजूनच वापरा, टाइमपासची चिंगम म्हणून नव्हे.

आता मुख्य गोष्ट, चघळणं. एक गम तोंडात टाकून सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. मिरीसारखी झणझण किंवा जिभेला मुंग्या जाणवल्या की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. मिनिटभरात झणझण ओसरते, मग पुन्हा थोडी चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास चालतं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, पोटातून नाही. सलग कचाकचा चावली तर ते लाळेबरोबर गिळलं जातं. मग उचकी लागते, छातीत जळजळतं, मळमळतं आणि तलफ मात्र तशीच राहते. मावा किंवा तंबाखू खाणाऱ्यांची अडचण उलटी असते. त्यांना थुंकायची सवय असते आणि पिचकारीबरोबर औषधही बाहेर जातं. थुंकू नका, लाळ थोडी थोडी गिळा.

दुसरी चूक चहाची, आणि आपल्याकडे हीच सर्वांत जास्त होते. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन गालातून आत शिरत नाही. गममध्ये सोड्यासारखे क्षार घातलेले असतात ते तोंडातला आंबटपणा मोडावा म्हणूनच. चहा, कॉफी, ताक, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांतलं काहीही गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना घ्यायचं नाही. उन्हाळ्यात ताक आणि सरबत सुटत नाही हे खरं. मग ते प्या, चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग गम घ्या. कारखान्यात अकराला चहा येत असेल तर सव्वादहाला गम तोंडात टाका, पावणेअकराला ती संपते. टपरीवर बाकीचे बिडी पेटवतील तेव्हा तुमच्या रक्तात निकोटिन आधीच असेल.

हे ‘आधी’ फार महत्त्वाचं आहे. सिगारेटचा झुरका काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम शोधणाऱ्याला वाटतं की हिच्यात दमच नाही. पहिले सहा आठवडे घड्याळाकडे बघून घ्या, जागेपणी दर तास-दोन तासांनी एक. म्हणजे दिवसाला किमान नऊ होतात. २ मिलिग्रॅमच्या चोवीसच्या वर जाऊ नका. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी, मग बंद. पहिल्या आठवड्यालाच साठ-पासष्ट गम लागतात. एक स्ट्रिप आणून ‘बघू’ म्हणणाऱ्याची स्ट्रिप पहिल्याच दिवशी संपते आणि रात्री तलफ आली की मेडिकल बंद असतं. सात दिवसांचा माल एकदम आणून ठेवा.

२ की ४, हे साध्या प्रश्नावर ठरतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागते का? लागत असेल, किंवा दिवसाला वीसच्या वर ओढत असाल, तर २ ची गम अपुरी पडेल. चिठ्ठी घेऊन ४ ची आणा. बिडी लहान म्हणून तिला कमी धरू नका. ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर घ्यावे लागतात, त्यामुळे निकोटिन सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. लूमवर काम करणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करायचा. शेडमध्ये सूत आणि कापसाच्या तुसामुळे आगीची भीती, म्हणून आत तंबाखूची चिमूट आणि बाहेर बिडी असं दोन्ही चालतं. डॉक्टरांना फक्त बिड्यांचा आकडा सांगितलात तर डोस कमी ठरेल. चिमटीही मोजून सांगा.

पहिल्या दिवसांत काय होतं? शेवटच्या बिडीनंतर काही तासांतच चुळबुळ सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड जातो. चिडचिड, लक्ष न लागणं, झोपमोड, भूक वाढणं, बद्धकोष्ठता, कधी तोंड येणं, कधी खोकला वाढणं, हे सगळं अपेक्षित आहे आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतं. प्रत्येक तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जागा बदलायची, पाणी प्यायचं, हातात काहीतरी धरायचं. गमने तलफेची धार कमी होते, ती पूर्ण जात नाही. ‘पूर्ण जाईल’ या अपेक्षेने घेतलेली गम तिसऱ्या दिवशी फेकली जाते, हे लक्षात ठेवा.

चहाचा आणखी एक मुद्दा डॉक्टरही क्वचित सांगतात. धुरामुळे यकृत कॅफिन लवकर निकाली काढत असतं. धूर बंद झाला की तोच कप अंगात दुप्पट वेळ राहतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न येणं याचं खापर गमवर किंवा बिडी सोडण्यावर फुटतं, खरं कारण पाचवा-सहावा चहा असतो. पहिल्या आठवड्यात चहा निम्म्यावर आणा. दम्यासाठी डेरिफायलिन चालू असेल तर त्याचंही असंच होतं, रक्तातलं प्रमाण वाढतं. डॉक्टरांना आधी सांगून डोस ठरवून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर वरचेवर तपासावी.

घरी बिड्या वळल्या जात असतील तर अडचण वेगळी. तेंदूची पानं, जर्दा, सूप सगळं डोळ्यांसमोर, आणि वळलेली बिडी हाताच्या अंतरावर. काम बंद करा असं कोणी सांगू नये, त्यावर घर चालतं. पण सोडणाऱ्याची बसायची-झोपायची जागा दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर हलवता येते. तयार कट्टे मोजून पेटीत बंद ठेवता येतात. मोजलेल्यातली एक उचलायला हात कचरतो.

गम कोणाला चालत नाही? कवळी असेल तर ती कवळीला चिकटते. गुटखा-माव्यामुळे तोंड कमी उघडणाऱ्यांनी चघळण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी निकोटिनची गोळी बरी, ती न चावता तोंडात विरघळू द्यायची, किंवा पॅच. पॅच सोलापूरच्या मे महिन्यात त्रास देतो, घामाने कडा सुटतात. सकाळी अंघोळीनंतर दंड पूर्ण कोरडा करून लावा, तेल-पावडर नको, आणि रोज जागा बदला. जास्त तलफ असणाऱ्यांना पॅच आणि गम मिळून एकट्या गमपेक्षा चांगला गुण येतो, पण ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नुकताच हार्ट अटॅक आलेला असेल, छातीतलं दुखणं वाढत असेल, गरोदरपण असेल किंवा वय अठराच्या आत असेल, तर मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

खर्चाचं स्पष्ट बोलू. सिगारेटवाल्याला गम परवडते. बिडीवाल्याला रोजच्या नऊ गम महाग पडतात, आणि तक्रार रास्त आहे. बिडीकामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या शहरात हे औषध सहज, फुकट मिळायला हवं. सिव्हिलमध्ये केस पेपर काढताना तंबाखूमुक्तीच्या सल्ल्याबद्दल आणि औषधांबद्दल जरूर विचारा. बिडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. गमबरोबर हा आधार घेणाऱ्याचं पारडं नुसती गम खाणाऱ्यापेक्षा जड राहतं.

झोपायच्या तासभर आधी शेवटची गम, त्यानंतर नको, झोप उडते. चघळून झालेल्या गममध्येही निकोटिन उरलेलं असतं. कागदात गुंडाळून टाका, आणि स्ट्रिप लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.