उच्चार एक, स्पेलिंग दोन: मुलांना कसं शिकवावं?

दहावी असो की तलाठी भरती, इंग्रजीतले सारख्या उच्चाराचे शब्द पोरांना हमखास अडवतात. आपल्या वऱ्हाडात गावोगावी त्यांचा अभ्यास तीन तऱ्हेनं होतो, आणि तिन्हींचं फळ सारखं नाही.

इंग्रजी शब्दावर पेन्सिलनं मराठीत उच्चार लिहायची सवय वाचायला शिकताना कामाची. इथं मात्र ती घातच करते. जिनिंगमधली १७० किलो रुईची गाठ म्हणजे 'बेल', बी-ए-एल-ई. कोर्टातला जामीनही 'बेल', पण बी-ए-आय-एल. मराठीत लिहिलं की जो फरक शिकायचा तोच पुसला जातो. वर खोट्या जोड्याही तयार होतात. विक्री, एस-ए-एल-ई, आणि विकणे, एस-ई-एल-एल, हे दोन्ही आपण 'सेल' लिहितो. इंग्रजीत त्यांचे उच्चार वेगळे आहेत. विकणे आणि टॉर्चचा सेल, सी-ई-एल-एल, यांचा उच्चार मात्र खरंच एक.

गाईडमधली यादी पाठ करणं सोपं, आणि परीक्षा आठवड्यावर आली असेल तर तेच करावं. पण जोडीनं घोकलेले शब्द ऐन पेपरात अदलाबदल होतात.

वर्ष हाती असेल तर माझं मत ठाम आहे: प्रत्येक शब्द घरच्या कामाच्या वाक्यात बसवा. कपाशी पेरतो ते 'सो', एस-ओ-डब्ल्यू. फाटलेलं पोतं शिवतो तेही 'सो', पण एस-ई-डब्ल्यू. पीककर्जाचं मुद्दल आणि कॉलेजचे प्राचार्य, दोन्ही 'प्रिन्सिपल', दोघांच्या शेवटी पी-ए-एल. तत्त्व या अर्थाचं 'प्रिन्सिपल' असेल तर पी-एल-ई. याला वेळ लागतो, वही लागते, पण शिकलेलं टिकतं.

मोबाईलवर विसंबू नका. पिठाच्या, एफ-एल-ओ-यू-आर, जागी फुलाचं, एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर, स्पेलिंग टाकलं तरी तो बहुतेक वेळा लाल रेघ मारत नाही, कारण शब्द म्हणून तेही बरोबरच असतं. बोलून टाइप करायचं तर पूर्ण वाक्य बोला. एकट्या शब्दावरून त्याला अर्थ कळायचा कसा?

सुरुवातीला धर्मकाट्याची पावती घ्या. तिच्यावर ग्रॉस, टेअर आणि नेट वेट छापलेलं असतं. हे वेट डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी; रांगेत थांबतो ते डब्ल्यू-ए-आय-टी. रिकाम्या गाडीचं टेअर टी-ए-आर-ई, आणि पावती फाडतो ते टी-ई-ए-आर.