भागीचं विमान: सेस्ना १७२ चौघांत घेतल्यावरचे चौदा महिने

करारावर सही करायच्या आदल्या रात्री आईने मला एकच वाक्य ऐकवलं, "भागीचं घोडं किवणानं मेलं, माहितीय ना?" घोडं सगळ्यांचं, म्हणून त्याच्या जखमेकडे कुणीच बघितलं नाही. विमान निवडताना आम्ही वेग, किंमत, सीट, सगळ्यावर वाद घातले, पण चौदा महिन्यांनंतर मला वाटतं की खरी निवड या म्हणीभोवतीच व्हायला हवी होती. सुदैवाने बरीचशी तशीच झाली.

आम्ही चौघे. मी सांगलीचा, हळदीच्या व्यापारातला. एक तासगावचे द्राक्षबागायतदार, त्यांना सगळे दादा म्हणतात. एक कराडच्या डॉक्टरीणबाई. चौथे साताऱ्याचे निवृत्त कारखानदार, आमचे काका, वय ६६. चौघांकडेही खासगी वैमानिकाचा परवाना. अनुभव मात्र फार वेगवेगळा: काकांचे उड्डाणाचे तास हजाराच्या आसपास, दादांचे विमान घेतलं तेव्हा जेमतेम ७०. विमान कराडला ठेवलंय. सांगलीची कवलापूरची धावपट्टी वापरात नाही, आणि कराड सातारा-सांगली दोन्हींच्या मध्ये पडतं. कोयना धरणाच्या कामासाठी पन्नाशीच्या दशकात बांधलेली ही धावपट्टी, लांबी सुमारे १,२८० मीटर.

डॉक्टरांना सिरस एसआर२२ हवं होतं. ३१० अश्वशक्ती, १७० नॉट्सच्या (ताशी सुमारे ३१५ किलोमीटर) पुढे वेग, आणि संपूर्ण विमानालाच पॅराशूट. त्या पॅराशूटचं मला आजही कौतुक आहे. पण दर १० वर्षांनी ते बदलून घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च मोठा असतो. शिवाय आम्ही चौघांनी एका संध्याकाळी बसून मागच्या दोन वर्षांत आपण खरोखर कुठे कुठे उडालो ते कागदावर लिहिलं. बारामती, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, एकदा हुबळी. कराडहून बारामती हवाई अंतराने ११० किलोमीटरच्या आसपास. तिथे वेगवान विमान दहा-बारा मिनिटं वाचवतं, बस. आणि विमा कंपन्या हप्ता ठरवताना सगळ्यांत कमी तास असलेल्या भागीदाराकडे बघतात. ७० तासांच्या माणसाला ते विमान द्यायचं म्हणजे हप्ता वाढणार, आणि त्याहून वाईट म्हणजे दादा ते उडवायला बिचकणार.

डायमंड डीए४० एनजी माझी स्वतःची पसंती होती. त्याचं ऑस्ट्रो इंजिन जेट-ए१ वर, म्हणजे मोठ्या विमानांच्याच इंधनावर चालतं आणि तासाला २०-२२ लिटरमध्ये भागवतं. सेस्नाला लागतं अ‍ॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, आणि ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. आम्ही २०० लिटरची बॅरल मागवतो. इंडियन ऑइलने २०२२ पासून वडोदऱ्याला अ‍ॅव्हगॅस बनवायला सुरुवात केली, त्याआधी ते सगळं परदेशातून यायचं. इंधनाचा हा मुद्दा डायमंडच्या बाजूने इतका भक्कम होता की मी जवळजवळ सगळ्यांना पटवलंच होतं. पण डायमंडचा सांगाडा कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि राळेचा. काकांनी विचारलं, "कंपोझिट पंखाला तडा गेला तर कराडात हात कोण लावणार?" सेस्नाचं लायकॉमिंग इंजिन आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा ओळखणारे तंत्रज्ञ बारामती-कराड पट्ट्यात आहेत. तिथे मी गप्प बसलो.

पायपर आर्चर थोडक्यात बाद झालं. एकच दार, तेही उजवीकडे, पंखावर चढून आत शिरायचं. काकांच्या गुडघ्यांना ते जमेना.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. १७२ ठरल्यावर आमच्यासमोर दोन विमानं होती. पहिलं दिसायला देखणं, नवा रंग, नव्या सीट, इंजिनाचे तास अगदी कमी. विकणारा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. पण ते किनाऱ्याजवळ दोन वर्षं जवळपास उभंच होतं. आमच्या अभियंत्याने तेलाचा फिल्टर कापून उघडला तर घड्यांमध्ये चमचमणारे बारीक कण. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, इंजिनाच्या वरच्या अंगाला असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं, कॅमशाफ्ट कोरडा पडतो, आणि दमट हवेत त्यावर गंज धरतो. पुढे इंजिन चालू केलं की तो गंज घासून धातू सोलायला लागतो. आम्ही ते विमान सोडलं. घेतलं ते दुसरं: एका प्रशिक्षण संस्थेचं, रंग उडालेलं, इंजिनावर १,२१८ तास, पण रोज उडणारं. ज्या विमानावर विद्यार्थी शिकतात त्याचं नाकाचं चाक फार मार खातं, म्हणून इंजिनामागच्या फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती पडलीय का ते दिवा घेऊन तासभर तपासलं. पत्रा सरळ निघाला. चाकाची थरथर रोखणारा डॅम्पर मात्र तिसऱ्याच महिन्यात बदलावा लागला.

चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसतात, असा समज करून घेऊ नका. कमाल वजन १,१५७ किलो. आमचं रिकामं विमान ७६५. उरले ३९२. दोन्ही टाक्या भरल्या की वापरायचं इंधन २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. राहिले २४८, म्हणजे ८० किलोची तीन माणसं आणि एक छोटी पिशवी. चौघांना जायचं तर टाक्या अर्ध्याच ठेवायच्या. म्हणून आमचा नियम: उतरल्यावर टाकीच्या तोंडातल्या पट्टीपर्यंतच इंधन भरायचं, दोन्ही मिळून साधारण १३२ लिटर. पुढच्याला हवं तर तो वाढवेल. भरलेलं काढून घेणं मात्र फार कटकटीचं.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण विकत घेताना हे कुणी बोलत नाही. कराड समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी धावपट्टी पाच हजार फुटांवर आहे असं समजायचं. समुद्रसपाटीला, थंड हवेत हे विमान धावायला लागल्यापासून ५०० मीटरच्या आत ५० फुटांवर पोचतं. मे महिन्यात तिघे बसून आम्ही दुपारी एकला निघालो तेव्हा धावपट्टीचा शेवट नको तितका जवळ आला आणि चढण्याचा वेग मिनिटाला ४०० फुटांवरच अडकला. समोर आगाशिवचा डोंगर. त्या दिवसापासून मार्च ते मे आम्ही सकाळी दहाच्या आत परततो. पश्चिमेला जायचं असेल तर आणखी सावध, कारण वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या डोंगराच्या उंचीत भर घालतात आणि कड्यावरून खाली येणारा वारा विमानाला दाबतो.

गरम इंजिन पुन्हा सुरू करणं हा या विमानाचा दुर्गुण. सोलापूरला उतरून अर्ध्या तासाने चावी फिरवली की फ्युएल इंजेक्शनच्या नळ्यांमध्ये इंधनाची वाफ झालेली असते आणि इंजिन दाद देत नाही. पहिल्या वेळी दादांनी बॅटरी संपवली. आता सीटच्या खिशात मराठीत लिहिलेला कागद आहे: मिक्श्चर (हवेत किती इंधन मिसळायचं तो दांडा) बंद, थ्रॉटल अर्धा, स्टार्टर, पेटलं की मिक्श्चर हळूहळू पुढे आणि थ्रॉटल मागे. पंधरा-वीस वेळा जमलंय.

आणि पावसाळा. आईची म्हण तिथेच समोर उभी राहते. जुलैत ढग धावपट्टीवर उतरलेले, उड्डाण फक्त डोळ्यांनी दिसेल तेव्हाच, सूर्यास्तानंतर तर प्रश्नच नाही. पहिल्या पावसाळ्यात विमान १९ दिवस उभं राहिलं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितलं असेल. काका गेले तेव्हा सीटवर बुरशी होती आणि पंखाखालची इंधन तपासायची झडप उघडल्यावर कपात पाण्याचा थेंब तरंगत नव्हता, तळाला बसला होता. या विमानाला इंधन तपासायच्या १३ जागा आहेत, त्या दिवशी चारांतून पाणी निघालं. अर्धवट टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं ते. त्यानंतर नियम बदलले. जून ते सप्टेंबर टाक्या काठोकाठ. प्रत्येक आठवड्याला एकाचं नाव. त्या आठवड्यात आभाळ उघडलं की त्याने जाऊन किमान पाऊण तास उडवायचं; जमिनीवर नुसतं इंजिन घुरघुरवणं चालत नाही, तेल पुरेसं तापत नाही आणि ओल आतच राहते. तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल ते. वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीवर झाकण प्रत्येक वेळी, कारण कुंभारीण माशीला चिखलाचं घर बांधायला एक दुपार पुरते आणि मग वेगाचा काटा हलत नाही. मला वाटतं भागीच्या विमानात ही पाळी विमानाच्या निवडीइतकीच मोलाची आहे.

पैशांबद्दल एवढंच: हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी हे चौघांत सारखं. उडण्याचा खर्च तासाप्रमाणे, आणि त्यात इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीसाठी, दर तासाला बाजूला काढायची रक्कम. ती वेगळ्या खात्यात, दोन सह्यांशिवाय निघत नाही. चौदा महिन्यांत मी ६४ तास उडालो, डॉक्टर ७१, काका ४८, दादा २९. न उडताच होणारा खर्च निम्म्याहून जास्त आहे, हे दादांना टोचणं साहजिक होतं. विमान खासगी नोंदणीचं, त्यामुळे कुणा पाहुण्याला पैसे घेऊन फिरवता येत नाही. दादांच्या व्याह्यांनी वाढदिवसाला फेरीचे पैसे देऊ केले तेव्हा नाही म्हणताना दादा ओशाळले, पण म्हणाले.

ऑक्टोबरच्या सकाळी सातला उड्डाण केलं की प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचे दोन रंग वेगळे दिसतात. पंख वर असल्याने खालचं सगळं मोकळं. आईला एकदा नेलं. तिने सांगलीपर्यंत नदी बोटाने दाखवत नेली आणि एकही शब्द बोलली नाही.

इंजिनावर आज १,४३० तास आहेत. ओव्हरहॉलसाठी कारखान्याची शिफारस २,००० ची, त्यामुळे सध्याच्या वेगाने तीनेक वर्षं आहेत. या महिन्यात दादांनी आपला हिस्सा विकायचं ठरवलं, बागेला वेळ पुरत नाही म्हणून. करारात पहिला हक्क आम्हा तिघांचा, मुदत ६० दिवस. तिघांत पैसे जमतील, पण पावसाळ्याचे आठवडे तीन हातांत वाटले तर पुन्हा १९ दिवस व्हायला वेळ लागणार नाही. इस्लामपूरकडचा एक तरुण विचारायला आला होता. त्याने वेग विचारला, रेंज विचारली. काकांनी त्याला जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला हँगरवर बोलावलंय, तेरा जागांचं पाणी तपासायला.